एका फेरीत दोनदा अडणारं स्टिअरिंग : एका जुन्या गाडीचं प्रकरण

"वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला हवं ना? माझं होत नाही. मी लावलेली खूण दहा वाजल्याच्या जागी येते आणि तिथेच थबकते. मग मी ओढून सरळ करते. आणि अरे, परवा ओढायला क्षणभर उशीर झाला, तर गाडी थेट दुभाजकाकडे निघाली."

मामीची तक्रार मी तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतली होती. पुढे या प्रकरणात जे काही सापडलं, त्याचा निम्मा पत्ता या पाच वाक्यांत होता. ती वाक्यं त्याआधी दोन गॅरेजांत बोलून झाली होती, पण लिहून कुणीच घेतली नव्हती.

गाडी वीस वर्षांची, छोटी हॅचबॅक. रॅक आणि पिनियनचं साधं स्टिअरिंग, पॉवर नाही. (पिनियन म्हणजे स्टिअरिंगबरोबर फिरणारं छोटं दातेरी चाक, रॅक म्हणजे ते डावी-उजवीकडे सरकवतं तो दातेरी दांडा.) मामीचं जाणं-येणं जवळचंच, मध्ये आठ-आठ दिवस गाडी जागची हलतही नाही. तक्रार सुरू होऊन दोन महिने झाले होते. तेवढ्यात टायरमध्ये हवा भरून झाली, व्हील अलाइनमेंट झालं, दोन्ही बाजूंचे टायरॉड एंड, म्हणजे रॅकला चाकांशी जोडणाऱ्या दांड्यांची टोकं, नवे पडले. फरक शून्य. शेवटी तिला सांगण्यात आलं की गाडी जुनी आहे, पॉवर स्टिअरिंग नाही, तुमच्या हाताला जोर कमी पडतोय. हे ऐकून मला फार राग आला. हीच गाडी ती बारा वर्षं चालवते आहे. बारा वर्षं पुरलेला जोर दोन महिन्यांत कुठे जाईल?

हवा आणि टायर आधी तपासणं बरोबरच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कमी हवेचा टायर रस्त्याला जास्त चिकटतो आणि विनापॉवरचं स्टिअरिंग त्याने चटकन जड होतं. मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवले तरी तेच. मीही सुरुवात तिथूनच केली. चारही टायर मूळ मापाचे होते, हवा दाराच्या खांबावरच्या पट्टीत लिहिलेली होती तेवढी. पण हवा कमी असली तर स्टिअरिंग सगळीकडे सारखं जड होतं. ठरावीक जागी अडत नाही.

मामीचं "दहा वाजल्याची जागा" मला सोडत नव्हतं, आणि त्याचं कारण इथे सविस्तर सांगायला हवं.

स्टिअरिंगचे भाग दोन जातींचे असतात. काही भाग तुमच्या हातातल्या चाकाबरोबर गोल फिरतात : कॉलम (स्टिअरिंगचा दांडा), त्याखालचा मधला शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (कोनातून फिरणारे सांधे) आणि पिनियन. या गाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेचार फेऱ्या होतात, म्हणजे हे भागही पावणेचार वेळा फिरतात. दुसऱ्या जातीचे भाग तेवढ्या वेळात एकदाच इकडून तिकडे जातात : रॅक, टायरॉड, बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो गोळीचा सांधा), स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या स्प्रिंगच्या खांबाच्या डोक्यावरचं बेअरिंग. आता दोष पहिल्या जातीत असेल तर तो प्रत्येक फेरीला पुन्हा भेटणार. दुसऱ्या जातीत असेल तर पूर्ण प्रवासात एका जागी भेटणार, किंवा सगळीकडेच जाणवणार. तेव्हा अडतं आहे का, यापेक्षा किती वेळा आणि कुठे अडतं आहे, हे महत्त्वाचं.

गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून दोन्ही बाजूंना स्टँड लावले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हात घालायचा नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. चाकं हवेत गेल्यामुळे रस्त्याचं घर्षण आणि गाडीचं वजन हिशेबातून गेलं. स्टिअरिंग सरळ असताना त्याच्या माथ्यावर कागदी पट्टी चिकटवली आणि मामीला आत बसवून सावकाश फिरवायला सांगितलं.

"इथे," ती म्हणाली. पट्टी दहावर. "आता सुटलं. आता पुन्हा." पट्टी चारवर.

दहा आणि चार, म्हणजे बरोबर अर्धी फेरी. पुन्हा दहा, पुन्हा चार. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्ही सात अडथळे मोजले.

मग स्प्रिंगचा वजनकाटा आणला. हाताला काय वाटतं यावर मी निर्णय घेत नाही, कारण दुरुस्तीनंतर आपल्या हाताला सगळंच हलकं वाटायला लागतं. काट्याचा हूक स्टिअरिंगच्या कडेला अडकवायचा, कडेशी काटकोनात हळूहळू ओढायचं आणि स्टिअरिंग फिरू लागताना किती किलो दिसतात ते लिहायचं. स्टिअरिंगचा व्यास ३८ सेंटीमीटर. अडथळ्यांच्या जागी काटा ४ किलोच्या थोडा वर जात होता. बाकी ठिकाणी १.५ ते २.५ किलो. हा दुसरा आकडा मी लिहिला आणि पुढे गेलो. १.५ कुठे येतो आणि २.५ कुठे, हे तेव्हाच पाहायला हवं होतं. सात अडथळ्यांपुढे ते मला दिसलंच नाही.

एका फेरीत दोनदा अडण्याचा अर्थ जवळजवळ नेहमी क्रॉस जॉइंट हाच असतो. कॉलम आणि पिनियन एका सरळ रेषेत नसतात, म्हणून मधला शाफ्ट कोनात बसवावा लागतो आणि त्या कोनातूनच फिरवण्याचं बळ खाली न्यावं लागतं. हे काम क्रॉस करतो. अधिक चिन्हासारखा लोखंडी तुकडा, चार टोकं, प्रत्येक टोकावर सुयांसारख्या बारीक रोलरची वाटी. समोरासमोरच्या दोन वाट्यांची मिळून एक जोडी, अशा दोन जोड्या. शाफ्ट फिरतो तेव्हा प्रत्येक जोडी आपल्या जागी पूर्ण फेरी घेत नाही, नुसती मागेपुढे डोलते. एका फेरीत एकदा पुढे, एकदा मागे. एक जोडी गंजून धरली गेली की त्या दोन्ही डोलण्यांना जास्तीचं बळ लागतं. एका फेरीत दोन अडथळे येतात ते यामुळे. धड असलेला क्रॉससुद्धा कोनात काम करताना वेग थोडा पुढेमागे करतोच. कोन ३० अंशांचा असेल तर एकसारख्या फिरणाऱ्या शाफ्टच्या पलीकडचा वेग सुमारे ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत वरखाली होतो. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस योग्य मेळात लावले तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. या मेळाकडे पुढे परत यायचं आहे.

पण संशय आला म्हणजे सिद्ध झालं असं नाही. म्हणून मी भाग सोडवत गेलो.

दोन्ही टायरॉड एंड नकलपासून (चाक ज्यावर बसतं त्या भागापासून) सुटे केले. नवेच असल्यामुळे सहज निघाले. प्रत्येक चाक हाताने डावी-उजवीकडे वळवून पाहिलं. दोन्ही बाजूंना एकसारखं, गुळगुळीत. म्हणजे खालचे बॉल जॉइंट आणि स्ट्रटची वरची बेअरिंग निर्दोष. (स्ट्रटचं बेअरिंग धरलं असतं तर वळवताना कॉइल स्प्रिंग पिळली जाऊन एकदम उडी घेते. स्प्रिंगवर तळवा ठेवला की ते लगेच कळतं, कधी टणकन आवाजही येतो.) टायरॉड सुटे असतानाच स्टिअरिंग पुन्हा फिरवलं. सातही अडथळे जागच्या जागी, काटा जवळपास ४ वर. आता संशयित उरले कॉलम, मधला शाफ्ट आणि रॅक.

पुढची पायरी कुणालाही सुचेल अशी : खालचा क्रॉस पिनियनपासून सोडवायचा आणि स्टिअरिंग एकटं फिरवायचं. जड असेल तर दोष वर, हलकं असेल तर दोष रॅकमध्ये. मी तो सोडवला. स्टिअरिंग पिसासारखं हलकं फिरलं, एकही अडथळा नाही.

याच जागी भलेभले मेकॅनिक चुकतात आणि धडधाकट रॅक बदलून मोकळे होतात. खालचं टोक सुटल्यावर धरलेला क्रॉस ज्या कोनात वाकलेला आहे त्याच कोनात सगळा शाफ्ट त्याला घेऊन फिरतो. त्याला डोलायला कुणी भागच पाडत नाही. त्याचा दोष फक्त दोन्ही टोकं बांधलेली असताना प्रकट होतो. सुट्या शाफ्टवर हलकं फिरणारं स्टिअरिंग कॉलमला दोषमुक्त करतं, क्रॉसला नाही. म्हणून लगेच दुसरी बाजूही पाहायची. पिनियनचं टोक पान्याने धरून रॅक एकट्याने फिरवला. सात अडथळ्यांचा मागमूस नाही. वरचा भाग एकटा निर्दोष, खालचा भाग एकटा निर्दोष, आणि दोघं जोडले की दोष. मग तो दोघांना जोडणाऱ्यातच असणार.

रॅक फिरवताना आणखी एक गोष्ट हाताला लागली होती : मधोमध हलका, दोन्ही टोकांकडे जड. जुना रॅक आहे, असायचाच, असं मनाशी म्हणून मी ती बाजूला ठेवली.

क्रॉस हातात घेतल्यावर मोजमापाची गरजच उरली नाही. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या, भोकावरचा रबरी बूट फाटला होता. चाकाने उडवलेलं पाणी त्यातून थेट खालच्या क्रॉसवर पोहोचत होतं. चारपैकी समोरासमोरच्या दोन वाट्यांच्या कडेने लालसर तपकिरी पूड बाहेर आली होती, म्हणजे रोलर आतून गंजून कुटले जात होते. एका दिशेने क्रॉस बोटाने वाकत होता, दुसऱ्या दिशेला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला आणि जिथे सोडला तिथेच तो ताठ उभा राहिला. नवा क्रॉसही थोडा घट्ट असतो, पण दोन्ही दिशांना सारखाच. आठवडा-आठवडा गाडी उभी राहिल्याने गंजाला सवडही भरपूर मिळाली होती.

खरं तर हा क्रॉस पिनियनपासून सोडवण्याच्या जरा आधी मी एक छोटा प्रयोग केला होता. मामी स्टिअरिंग फिरवत असताना मी क्रॉसच्या वाट्यांवर गंज सोडवणारं तेल मारलं. दहा मिनिटांत अडथळ्याचा आकडा ४ वरून २.५ वर आला. "झालं की मग," मामी म्हणाली, आणि तिचा आनंद मोडताना मला वाईट वाटलं. हे तेल पातळ असतं. गंज सोडवताना ते उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतं आणि काही दिवसांत स्वतः सुकून जातं. मग तोच क्रॉस आधीपेक्षा वाईट धरतो. निदानासाठी हे तेल उत्तम, कारण ते नेमक्या एका सांध्यावर मारून परिणाम मोजता येतो. त्या भरवशावर गाडी मात्र रस्त्यावर सोडायची नाही. वळणावर स्टिअरिंग अडलं तर ब्रेक शाबूत असूनही गाडीची दिशा हातात राहत नाही. मामीला मी त्याच दिवशी सांगितलं, नवा शाफ्ट येईपर्यंत गाडी इथून हलणार नाही.

या शाफ्टचे क्रॉस कारखान्यातच ठोकून पक्के केलेले होते, वाट्या काढून नव्या बसवायची सोय नव्हती. म्हणून दोन्ही क्रॉससकट पूर्ण शाफ्ट बदलला. काही जण अशा सांध्याला वेल्डिंग करून किंवा दुसऱ्या गाडीचा तुकडा जोडून वेळ मारून नेतात. स्टिअरिंगमध्ये ते करू नये. तुटलं तर आधी सूचना मिळत नाही.

जुना शाफ्ट काढताना काय काय जपलं ते लिहितो, कारण इथल्या चुका नवे दोष जन्माला घालतात. चाकं सरळ केली, किल्ली फिरवून स्टिअरिंगचं कुलूप उघडं ठेवलं आणि सीट बेल्ट स्टिअरिंगच्या आरीतून ओवून ते जागीच बांधून टाकलं. या गाडीत एअरबॅग नाही. जिथे ती असते तिथे हे बांधणं फारच महत्त्वाचं, कारण शाफ्ट सुटा असताना स्टिअरिंग मोकळं फिरलं तर एअरबॅगची गुंडाळलेली तार तुटते. पिनियन आणि क्रॉस या दोघांवर मिळून पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली. क्रॉसची चीर आवळणारा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. पिनियनच्या टोकाला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, त्यामुळे तो पूर्ण बाहेर काढावाच लागतो. हीच खाच पुढे बोल्ट थोडा सैल झाला तरी क्रॉसला निसटू देत नाही. चीर पाचरीने किंचित उघडली आणि क्रॉस वर सरकवला. खालून हातोडीचे घाव घातले नाहीत. कित्येक गाड्यांचा कॉलम अपघातात आत दबण्यासाठी बनवलेला असतो. त्यातल्या प्लास्टिकच्या खुंट्या अशा घावांनी तुटतात, आणि ते बाहेरून दिसतही नाही.

नवा शाफ्ट लावताना जुन्या शेजारी ठेवून दोन्ही टोकांच्या क्रॉसचा मेळ जुळवून पाहिला. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा, एकमेकांत सरकणारा असतो. ते तुकडे वेगळे होऊन चुकीच्या दातावर बसले तर दोन क्रॉस एकमेकांची चूक भरून काढण्याऐवजी वाढवतात आणि नव्याकोऱ्या शाफ्टवरही फेरीत दोनदा जड-हलकं लागत राहतं. पिनियनवरची रेघ जुळवली. तिथे एक दात चुकला तर गाडी सरळ चालते पण स्टिअरिंग तिरपं दिसतं. मग कुणीतरी ते सरळ करायला टायरॉड फिरवतं आणि चांगलं अलाइनमेंट बिघडतं. बोल्ट आणि नट नवे घेतले, गाडीच्या पुस्तकातल्या मापाने आवळले आणि त्यावर पांढरी खूण केली. फाटका बूटही बदलला. तो तसाच ठेवला असता तर नव्या क्रॉसचंही तेच झालं असतं.

टायरॉड जोडून पुन्हा काटा लावला. सातही अडथळे गेले होते.

मामीने एक चक्कर मारून आणली. उतरली, दार लावलं आणि जरा थांबून म्हणाली, "अडत नाही आता. पण अजून स्वतःहून पूर्ण सरळ होत नाही. थोडं बाकी राहतं."

दमलो होतो, मोठा दोष सापडल्याचं समाधानही होतं, आणि "नवा शाफ्ट आहे, सरावेल" असं तोंडावर आलं होतं. बोललो नाही याचं आज बरं वाटतं. तेही "तुमच्या हाताला जोर नाही" यासारखंच झालं असतं.

वही उघडली. काटा पुन्हा लावला, या वेळी दर अर्ध्या फेरीला एक नोंद. मधोमध १.२५ किलो, दोन्ही टोकांकडे २.२५. मी दोनदा बाजूला सारलेली तफावत तीच होती. आकड्याचा संबंध आता पट्टीच्या जागेशी नव्हता, रॅक कुठे आहे त्याच्याशी होता. म्हणजे दुसऱ्या जातीचा दोष.

रॅकच्या पाठीला एक दाबपट्टी असते, ती स्प्रिंगच्या जोराने रॅकला पिनियनवर टेकवून ठेवते आणि तो जोर मागच्या ॲडजस्टिंग नटने कमीजास्त होतो. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून रॅकचे मधले दात सर्वांत जास्त झिजतात आणि कडेचे जवळपास नव्यासारखे राहतात. अशा रॅकचा खेळ (ढिलेपणा) मधोमध काढून टाकायला नट आवळला की मध्ये छान वाटतं आणि कडेला दात घट्ट अडकतात. वळणावरून परतताना पुढच्या चाकांना स्टिअरिंग सरळ करायला जेमतेम बळ असतं. ते चाकांच्या बैठकीच्या तिरपेपणातून मिळतं. एवढं घर्षण ते ओलांडू शकत नाही.

खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात पाहिलं. सगळ्या रॅकवर वर्षांची काळी चिकट धूळ, आणि लॉकनटच्या कडांवर पान्याच्या ताज्या, चकाकणाऱ्या खुणा.

"मामी, मध्ये कधी खड्ड्यातून जाताना खडखड यायची का?"

"यायची. तुला सांगितलं नाही का? दोन महिन्यांपूर्वी ती दुरुस्त करून घेतली. त्यानंतरच तर हे सगळं सुरू झालं."

खडखड झिजलेल्या टायरॉड एंडची होती. ते नंतर बदलले गेलेच. पण त्याआधी कुणीतरी रॅकचा नट आवळून आवाज दाबायचा प्रयत्न केला होता आणि तो तसाच राहिला. क्रॉस त्याच सुमारास धरू लागला असावा. दोन दोष एकावर एक बसले, आणि एकामुळे दुसरा दिसेनासा झाला.

या नटाचं माप गाडीगणिक वेगळं असतं. साधारण पद्धत अशी की ठरावीक हलक्या जोराने आवळायचा आणि मग पुस्तकात दिलेल्या कोनाएवढा मागे घ्यायचा. मी पुस्तकाप्रमाणे केलं तेव्हा नट आधीच्या जागेपासून फेरीच्या सुमारे आठव्या भागाएवढा सैल झाला. लॉकनट आवळताना मुख्य नट पान्याने धरून ठेवला, नाहीतर तोही सोबत फिरतो. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मधोमध असताना रॅक हाताने हलवून खेळ पाहिला. खेळ नव्हता. कडेला मोकळा आणि मध्ये विनाखेळ, अशी जागा सापडलीच नसती तर रॅक बदलण्यावाचून उपाय नव्हता. झिजलेले दात नटाने भरून येत नाहीत.

पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत हा तपास थोडा वेगळा सुरू होतो. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) असेल तर आधी तेलाची पातळी, तेलातला फेस, पंपाचा पट्टा. इंजिन थंड असताना पहिली काही मिनिटंच जड लागत असेल तर रॅकमधल्या व्हॉल्व्हच्या सीलनी आतल्या भिंतीवर चरे पाडलेले असू शकतात. विजेच्या मोटारचं पॉवर असेल तर बॅटरीचा आणि अल्टरनेटरचा व्होल्टेज. पण क्रॉस, बॉल जॉइंट आणि रॅकचा नट त्या गाड्यांतही असतात. तिथे मदतीचं बळ दोष बराच काळ झाकून ठेवतं, म्हणून इंजिन बंद ठेवून, चाकं हवेत धरून एकदा फिरवून पाहावंच.

मामी पुन्हा चक्कर मारायला गेली, या वेळी मीही शेजारी बसलो. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात तिने वळण घेतलं आणि पकड सैल केली. स्टिअरिंग तिच्या तळव्यांतून सरकत सरकत सरळ झालं. तिने काही न बोलता पुढचं वळण घेतलं, मग आणखी एक.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली. बोल्टवरची पांढरी खूण जागेवर, बूट कोरडा, खडखड नाही. काटा लावला : मधोमध १ किलो, टोकांना १.२५, दहा आणि चारच्या जागीही तेवढाच.